पलीकडचा दारुडा

दारू नेमकी किती घेतली की माणूस दारुडा ठरतो? पुष्कळांना विचारून पाहिलं, आणि सगळ्यांच्या उत्तराचं माप एकच निघालं: तो स्वतः घेतो त्याहून थोडी जास्त. शनिवारी घेणाऱ्याच्या मते रोज घेणारा दारुडा. रोज घेणारा म्हणतो, "आपलं काय, रात्री जेवणाआधी असतं. दिवसाढवळ्या बसणारे वेगळे." आणि दिवसाढवळ्या बसणाऱ्यालाही कुणीतरी सापडतोच, सकाळी उठल्याउठल्या हात थरथरतात म्हणून घेणारा. रांग चांगली लांबलचक आहे आणि तिच्यातला प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवून उभा आहे.

या पुढच्या माणसाचे आपल्यावर फार उपकार आहेत. लिव्हर खराब व्हायचं ते त्याचं, पोटात पाणी व्हायचं ते त्याच्या. आपण आपले मर्यादेत.

आरोग्य तपासणीच्या फॉर्मवर ही मर्यादा अगदी जवळून बघायला मिळते. मद्यपान: कधीच नाही, अधूनमधून, नियमित. तीन चौकोन. पेन पहिल्यावर क्षणभर रेंगाळतं, कारण शेजारी बायको किंवा आई बसलेली असते. तिसऱ्याकडे ते वळतही नाही. खूण पडते ती मधल्यात. माझ्या एका मित्राच्या आयुष्यात अधूनमधून येतात ते न घेण्याचे दिवस, पण खूण त्याचीही मधल्याच चौकोनात. आणि हे त्याच्या एकट्याचं नाही. लोकांना "किती घेता?" असं विचारून येणारी बेरीज संशोधकांनी अनेक देशांत प्रत्यक्ष विक्रीच्या आकड्यांशी ताडून पाहिली आहे. ती बहुतेक वेळा विक्रीच्या निम्म्याच्या आसपासच अडकते. उरलेली निम्मी बहुधा त्या पुढच्या माणसानेच रिचवली असावी.

हा निव्वळ खोटेपणा आहे असं मला वाटत नाही. दारूबद्दल कुणी विचारलं की आपल्याला तो प्रश्न तब्येतीचा वाटतच नाही, चारित्र्याचा वाटतो. डॉक्टर मिलिलिटर विचारत असतात आणि आपण अब्रू सांभाळत असतो. मजा म्हणजे थेंबालाही न शिवणाऱ्यांचा हिशेबही याच वहीत चालतो. घर बुडतं, पैसा जातो, मारहाण होते, पोरंबाळं देशोधडीला लागतात, हे सगळं ते सांगतात आणि ते खरंही आहे. पण समोरचा शांतपणे पितो, वेळेवर घरी येतो, कुणाला शिवी देत नाही, असं कळलं की त्यांचा मुद्दा संपतो. "घेतो, पण कुणाला कधी त्रास नाही हो त्याचा," असं वर कौतुकही होतं. अडचण एवढीच की हे प्रशस्तिपत्रक त्याच्या अन्ननलिकेला वाचता येत नाही.

तिला कळतो फक्त रेणू. पोटात गेलेल्या अल्कोहोलचं शरीर आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. धोका मधल्या मुक्कामाचा. अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशींतल्या डीएनएची मोडतोड करतं, आणि ती करताना बाटली भारीतली होती की हलकी, सोबत गप्पा कसल्या चालल्या होत्या, याची चौकशी करत नाही. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांत यातली दुसरी पायरी जन्मतःच मंद असते. दोन घोट घेतले की त्यांचा चेहरा लालबुंद होतो आणि दोस्तमंडळी हसतात: "नवा आहे अजून, होईल सवय!" ती लाली म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड तुंबल्याची खूण असते. सवय होते, घेणं चालू राहतं आणि अशांच्या अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा बराच वाढतो. शरीराने इतक्या ठळक रंगात दिलेली सूचना दुसरी मला तरी आठवत नाही. तिचाही विनोदच होतो.

कर्करोगाचं हे नातं काल-परवा कळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, तोच हा गट. (गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. एक ग्लास म्हणजे एक पाकीट सिगारेट असा अर्थ कुणी काढू नये.) तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांच्या बाबतीत स्तन, एवढ्या ठिकाणी संबंध पक्का मानला जातो. यातलं यकृत सगळ्यांना ठाऊक. स्तनाचं नाव घेतलं की मात्र लोक मी चेष्टा करतोय असं समजतात. २०१९ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत तंबाखूने कर्करोग होतो हे ८९ टक्के लोकांना माहीत होतं, दारूने होतो हे ४५ टक्क्यांना. अ‍ॅस्बेस्टॉसचा धोका ८१ टक्क्यांना ठाऊक होता, आणि अ‍ॅस्बेस्टॉस ग्लासात ओतून "चिअर्स" म्हणणारा माझ्या तरी पाहण्यात नाही.

१९८८ हे साल या बाबतीत विलक्षणच. त्याच वर्षी ए. जी. शेपर या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासातून एक खोच दाखवली. 'थोडी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा निरोगी' असं आकडे सांगत होते खरे, पण न घेणाऱ्यांत बरेच जण आजारी पडल्यामुळे सोडलेले होते. आजाऱ्यांशी तुलना केली की कुणीही ठणठणीत दिसणारच. आणि त्याच वर्षी अमेरिकेने बाटलीवर इशारा छापण्याचा कायदा केला. गर्भारपण, गाडी, यंत्रं, झालंच तर 'आरोग्याच्या तक्रारी उद्भवू शकतात' एवढं मोघम. कर्करोगाचं नाव नाही.

या तिन्ही गोष्टी कुणाच्या गावी नाहीत. तोंडपाठ आहे ती १९९१ ची. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमाने सांगितलं की फ्रेंच लोक लोणी-चीज दाबून खातात तरी त्यांना हृदयविकार कमी, आणि त्याचं श्रेय बहुधा रेड वाइनला. झालं! तेव्हापासून जगात कुठेही चारचौघांत बाटली उघडली की कुणीतरी म्हणतोच, "थोडी हार्टला चांगली असते, डॉक्टरच सांगतात." कुठले डॉक्टर ते मी नेमाने विचारतो. ते नेहमी दुसऱ्याच कुणाचे तरी डॉक्टर असतात. थोड्या प्रमाणाचा हृदयावर काय परिणाम होतो याचा वाद तज्ज्ञांत अजून पुरता मिटलेला नाही, हे मान्य. पण तो मिटायची वाट बघत कुणी ग्लास खाली ठेवलेला मी पाहिलेला नाही. सोयीच्या बातमीकडे आपण पुरावा मागत नाही. गैरसोयीच्या बातमीची मात्र उलटतपासणी घेतो: "आज हे म्हणतात, उद्या ते म्हणतील. काहीच खायचं-प्यायचं नाही का मग?"

लोकांनाच काय म्हणून बोलायचं? कॅनडातल्या युकॉन प्रदेशात, व्हाइटहॉर्स शहरातल्या सरकारी दारूच्या दुकानात, २०१७ च्या नोव्हेंबरात बाटल्यांवर लेबलं लावायचा प्रयोग सुरू झाला. त्यांतल्या एका लेबलावर, दारूने कर्करोग होऊ शकतो, एवढं साधं वाक्य. मद्य उद्योगाने आक्षेप घेतला, महिन्याभरात प्रयोग थांबला, आणि पुढे सुरू झाला तेव्हा नेमकं कर्करोगाचं लेबल गळालेलं होतं. आयर्लंडने २०२३ मध्ये तसा नियम केला. तो २०२६ ला लागू व्हायचा होता, तो २०२८ वर ढकलला. वाक्य खोटं आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. फक्त बाटलीवर नको.

तरी हवा बदलते आहे. रोज एक-दोन घेणंही तब्येतीला वाईट, असं गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत २०१८ साली २८ टक्के अमेरिकन म्हणत होते. २०२५ साली ५३ टक्के म्हणाले. मधे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'सुरक्षित असं प्रमाणच नाही' असं जाहीर करून टाकलं होतं. मला स्वतःला हे वाक्य फारसं उपयोगी वाटत नाही. सुरक्षित काहीच नाही म्हटलं की माणूस थोडी आणि पुष्कळ यांतला फरकही सोडून देतो. त्यापेक्षा अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे सरकारी प्रवक्ते, विवेक मूर्ती यांनी जानेवारी २०२५ मध्ये मांडलेला हिशेब बरा. आठवड्याला एकही पूर्ण ड्रिंक न घेणाऱ्या शंभर बायकांपैकी साधारण १७ जणींना आयुष्यात दारूशी संबंधित असलेल्या कर्करोगांपैकी एखादा होतो. रोज एक घेणाऱ्या शंभरांत १९, रोज दोन घेणाऱ्यांत २२.

हा हिशेब मी त्या मधल्या चौकोनवाल्या मित्राकडे बसलो असताना वाचून दाखवला.

"शंभरात दोनच वाढल्या?" मित्र म्हणाला.

"दोन?" वहिनी म्हणाल्या.

"पुरुषांचं सांग," मित्राने फर्मावलं. पुरुषांचं १०, ११ आणि १३.

"बघ! रोज एक घेतली तर एकच वाढतो."

"आणि दोन घेतल्या तर तीन," वहिनी म्हणाल्या. "पण एक म्हणजे केवढी हो, भाऊजी?"

चौदा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीची जेमतेम पंचेचाळीस मिली, मी सांगितलं. मित्राने हातातल्या ग्लासकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत या विषयावर आमच्यात पहिल्यांदाच शील, संस्कार आणि फ्रेंच लोक सोडून मिलिलिटरवर बोलणं चाललं होतं. वहिनी उठल्या आणि खोकल्याच्या औषधाचं, रेघा असलेलं झाकण घेऊन आल्या.

"आज राहू दे," मित्र म्हणाला. "ही ओतून झालीय. उद्या मोजू."