बटणांचा एक गुण

बुधवारी आमच्या जिल्हा रुग्णालयात दिव्यांग बोर्ड बसतो, दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं देणारा. इतर टेबलांवर मोजायला काहीतरी असतं. हाडांचे डॉक्टर गुडघ्याला कोनमापक लावतात, कानवाल्यांकडे ऑडिओग्राम असतो. मानसिक आजाराच्या टेबलावर आमचे डॉक्टर, मी सायकिअॅट्रिक सोशल वर्कर आणि 'आयडियाज' नावाचा तक्ता. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण; अडचण जास्त तितके गुण जास्त. आजार किती वर्षांचा आहे त्याचे निराळे. दोन ते पाच वर्षं असेल तर दोन. एकूण सात झाले की चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या गटात. सहावर अडलं तर संजय गांधी निराधार नाही, एसटीची सवलत नाही. पोर्टल चालू असेल तर हे सगळं त्यात भरायचं. ते चालू नसतं.

त्या बुधवारी एक गृहस्थ आले. चाळिशीच्या आतले, पूर्वी पतपेढीत लेखनिक, चार वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. मागोमाग थोरला भाऊ, वैतागलेला. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, सकाळपास्नं सांगतोय, दाढी करू नको, गप बसून ऱ्हा. ऐकंना."

भावाला दोष द्यावासा वाटला नाही. आमच्याकडे अंग चोरून, खाली मान घालून बसणाऱ्याला गुण पटकन मिळतात, हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत असतं. आजारी म्हणजे कपडे फाडणारा, हे खूळ केवळ गावातच आहे असं नाही. बोर्डाच्या खोलीतही ते मुक्कामाला आहे.

गृहस्थांनी मात्र नीट सांगितलं. त्यांना तलाठ्याचा आवाज ऐकू येतो. लहानपणी गावात होता तो तलाठी, आता हयात नाही. तो शिव्या देत नाही, मारायला सांगत नाही. जे चाललंय ते मोठ्याने वाचतो. "आता उठला. आता पाणी प्यायला. आता तिसरं बटण." पतपेढीत रकान्याची बेरीज करताना तलाठी शेजारून दुसरेच आकडे म्हणायचा. बेरीज चुकली, खातं चुकलं, नोकरी गेली.

सतत टिप्पणी करणारा आवाज हे आमच्या पुस्तकातलं ठळक लक्षण. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडरने ते स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या दर्जाच्या लक्षणांत घातलं. आवाज का येतो, याची एक उपपत्ती मला पटते. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू श्रवणाच्या भागाला आधीच वर्दी देतो की हे आपलंच आहे. ती वर्दी पोचली नाही तर स्वतःचंच बोलणं परकं होऊन ऐकू येतं. मी हे सोपं करून सांगितलं. ते म्हणाले, "असेल मॅडम. मी गुणगुणलो की तो थांबतो, म्हणजे तोंड एकच आहे आमचं. पण माझा आवाज मला ओळखता येतो. हा तलाठ्याचा आहे." गुणगुणल्यावर काही जणांचे आवाज दबतात, हे मी वाचलेलं होतं. त्यांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि चेन्नई इथल्या आवाज ऐकणाऱ्यांशी बोलून तुलना केली होती. अमेरिकेत आवाज जास्त हिंसक, चेन्नईत बऱ्याच जणांना घरच्यांचे, कामं सांगणारे. आमच्या ओपीडीत सासू येते, मामा येतो, देव येतो. सरकारी नोकर पहिल्यांदाच भेटला.

मी गुण मांडले. संबंध एक, बोलणं-समजणं एक. कामाला मी तीन म्हणत होते. त्यांनी हरकत घेतली. भावाच्या दुकानाची रोजची वही ते गुणगुणत का होईना, लिहितात. मग तीन कसे? दोन केले. भावाने कपाळाला हात लावला. वर्षांचे दोन. झाले सहा.

राहिली स्वतःची काळजी. "अंघोळ, कपडे स्वतः करता?"

"करतो. शर्टाला तासभर जातो. तो प्रत्येक बटण वाचतो, मग मला वाटतं सुटलं असेल, परत काढतो. चौथ्याच्या पुढे घाम येतो. म्हणून आदल्या रात्रीच घालून झोपतो कधीकधी. आज सकाळी घातला."

डॉक्टरांनी शर्टाकडे पेन दाखवलं. "शून्य लिहा. कुणाची मदत नाही, कुणी आठवण करावी लागत नाही, नीटनेटके आहेत."

मी एक म्हटलं. एका शर्टाला तास लागणं म्हणजे अडचण नाही तर काय? डॉक्टर म्हणाले, "तक्ता माणूस काय करतो ते मोजतो, त्यासाठी आतून काय किंमत मोजावी लागते ते नाही. उद्या प्रत्येक जण सांगेल आतून त्रास होतो. मग आपण काय बघून ठरवणार?" इतका वेळ गप्प असलेला भाऊ मध्येच बोलला, "एसटी चुकते साहेब याच्या बटणापायी. हप्त्यातनं दोनदा." डॉक्टरांनी त्याला दोन-चार प्रश्न विचारले आणि शून्याचा एक केला. झाले सात. तात्पुरतं प्रमाणपत्र, मुदतीनंतर पुन्हा तपासणी.

मला खटकलं ते असं, की तासाभराचा घाम त्यांनी सांगितला तेव्हा ते नुसतं सांगणं ठरलं. भावाची एसटी चुकली तेव्हा तो पुरावा झाला. घरचे काय म्हणतात ते विचारायचं, हा नियम चांगला आहे. अनेकदा आजारी माणसाला स्वतःला काहीच झालेलं वाटत नसतं. पण या माणसाला सगळं दिसत होतं, आमच्यापेक्षा नीट दिसत होतं, आणि नेमकं तेच त्याच्या विरोधात जात होतं. ज्यांचा भाऊ सोबत येत नाही त्यांचं मी काय लिहिते, हे जुन्या फायली काढून बघायचं ठरवलंय.

डॉक्टरांचा मुद्दा मात्र मला अजून खोडता आलेला नाही. चहाच्या वेळी परत विषय काढला. ते म्हणाले, मग तूच सांग, घाम मोजायचा कसा.