गळणारं सील आणि फ्रँकफुर्टचे पाच दिवस

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं वर्कशॉप आहे. रिअ‍ॅक्टरचे अ‍ॅजिटेटर बनवतो, म्हणजे रसायनांच्या भांड्यात माल ढवळणारी यंत्रं. ड्रॉइंग आणि कोटेशन मी बघते, शॉपफ्लोअर माझे दीर बघतात. जून २०२४ मध्ये आम्ही दोघं फ्रँकफुर्टच्या आकेमा प्रदर्शनाला जाऊन आलो. बडोद्यातल्या ओळखीच्या बऱ्याच जणांना पुढच्या वेळी जायचं आहे. पुढचं आकेमा १४ ते १८ जून २०२७ला आहे, म्हणून जे कामाला आलं ते सगळं लिहून ठेवते.

आधी गैरसमज दूर करते. हा रसायनं विकायचा बाजार नाही. रसायनं ज्यांत तयार होतात त्या यंत्रांचं हे प्रदर्शन आहे: पंप, व्हॉल्व्ह, सेंट्रिफ्यूज, ड्रायर, ग्लास-लाइन्ड भांडी, सील, प्रयोगशाळेची उपकरणं. माक्स बुखनर या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९२० साली हॅनोव्हरला ते पहिल्यांदा भरलं. आता दर तीन वर्षांनी फ्रँकफुर्टला भरतं. आम्ही गेलो तेव्हा २८००हून जास्त प्रदर्शक होते. बडोद्यात दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी रिफायनरीत, फर्टिलायझरमध्ये नाहीतर नंदेसरीच्या रसायन कारखान्यांत असतं, त्यामुळे यातलं निम्मं सामान आपल्याला नावानिशी माहीत असतं. पण ते एवढं सगळं एका आवारात उभं असलं की डोकं चालेनासं होतं.

माझे सासरे कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये ती संस्था काढली ती हाताने काम करणारी माणसं घडावीत म्हणून, हे त्यांच्या बोलण्यात नेहमी येतं. निघताना ते म्हणाले, "सूनबाई, कॅटलॉग तर आता फोनवर येतात. तिकडे काय विचारायचं ते इथूनच लिहून ने." मी वही घेतली, पण तीत फक्त कंपन्यांची नावं लिहिली. पहिला दिवस त्यातच गेला. एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये जायला सरकते पट्टे आहेत, आवारात बसही फिरते, तरी पाय भरून आले. संध्याकाळी पिशवीत कागद होते आणि वहीत एकही नवी ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका मेकॅनिकल सीलच्या (फिरता शाफ्ट भांड्यात शिरतो तिथली गळती थांबवणारा भाग) स्टॉलवर मी आमची खरी अडचण सांगितली. नंदेसरीच्या एका ग्राहकाकडे आमच्या अ‍ॅजिटेटरचं सील दर चार महिन्यांनी गळतं. दोन वेळा सील बदललं, एकदा सीलची कंपनीसुद्धा बदलली. समोरच्या वयस्क इंजिनिअरने सीलबद्दल काही विचारलंच नाही. शाफ्ट किती लांब आहे, शेवटचं बेअरिंग कुठे आहे, सीलपाशी रनआउट (फिरताना शाफ्ट मध्यापासून किती हलतो ते) किती येतो, पंख्याचा व्यास किती, हे विचारलं. पाचवा प्रश्न असा होता की भांडं रिकामं करताना अ‍ॅजिटेटर चालू असतो का? पाचांपैकी दोनच उत्तरं माझ्याकडे होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, म्हणजे बडोद्यात साडेदहाला, भाऊजींनी वर्कशॉपला फोन लावला. तसाच दुसरा शाफ्ट तयार होता, त्यावर डायल गेज लावून घेतलं आणि रीडिंगचे फोटो मागवले. ग्राहकाच्या ऑपरेटरने सांगितलं, माल खाली बसू नये म्हणून शेवटपर्यंत अ‍ॅजिटेटर चालूच ठेवतो. ते ऐकून भाऊजी म्हणाले, "वहिनी, सापडलं बहुतेक."

तसंच निघालं. भांडं रिकामं होताना द्रवाची पातळी पंख्याच्या उंचीवर येते तेव्हा पंख्याची पाती काही क्षण द्रवात आणि काही क्षण हवेत असतात. शाफ्टवर बाजूने वेडेवाकडे धक्के बसतात, तो वाकतो आणि मार सीलच्या फेसला बसतो. त्या इंजिनिअरने माझ्याच वहीत पेन्सिलने तीन उपाय काढून दिले: पंख्याला स्थैर्यासाठी फिन किंवा रिंग लावा, तळाशी छोटा पंखा द्या, म्हणजे शेवटचा माल तोच ढवळेल, नाहीतर वेग बदलता येणारा ड्राइव्ह बसवून रिकामं करताना वेग कमी करा. त्याने आम्हाला सील विकायचा आग्रह केला नाही. चाळीस मिनिटं दिली. तो कागद मी लॅमिनेट करून ड्रॉइंग टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, बिघडलेल्या एका तरी यंत्राची पूर्ण डाटाशीट घेऊन जा. जीए ड्रॉइंग (यंत्राच्या एकूण मांडणीचं), वेग, पॉवर, घनता, व्हिस्कॉसिटी, तापमान, बिघाडाचे फोटो. माल युरोपात विकायचा विचार असेल तर आणखी तयारी लागते. आम्हाला बहुतेक ठिकाणी तेच विचारलं गेलं: मटेरियलचं ३.१ सर्टिफिकेट (धातूच्या चाचणीचा उत्पादकाचा दाखला) देता का, स्फोटक वातावरणासाठी युरोपच्या आटेक्स नियमांचं प्रमाणपत्र आहे का, प्रेशर असलेल्या भांड्याला पीईडी या युरोपच्या प्रेशर उपकरणांच्या नियमानुसार सीई मार्क आहे का. "करून देऊ" या उत्तरावर बोलणं तिथेच थांबतं. उलट जे नाही ते नाही म्हटलं की माणसं मोकळेपणाने पुढे काय करायचं ते सांगतात.

व्हिसाचं काम लवकर उरका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास-विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून ८० वरून ९० युरो झाली. बडोद्याहून थेट विमान नाही, आम्ही मुंबईहून गेलो.

प्रदर्शनाच्या आठवड्यात गावातली हॉटेलं परवडत नाहीत. आम्ही पश्चिमेकडच्या होख्स्ट उपनगरात राहिलो. तिथून लोकल गाडीने मुख्य स्टेशन आणि पुढे यू४ने एक स्टेशन, की प्रदर्शनाचं दार. मशीनमधून काढलेलं तिकीट लगेच सुरू होतं, त्यामुळे आदल्या रात्री काढून ठेवू नका. विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड आहे. आम्ही रविवारी उतरलो आणि दुकानं बंद. थेपले, भाकरवडी आणि लीलो चेवडो होता म्हणून निभावलं. मुख्य स्टेशनच्या आसपास भारतीय जेवण मिळतं, पण रात्री उशिरा त्या गल्ल्यांतून एकट्या बाईने फिरू नये असं माझं मत झालं.

होख्स्टला राहायचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. १८६३ मध्ये तिथे रंगांचा कारखाना सुरू झाला आणि त्यातून पुढे एक प्रचंड रसायन कंपनी उभी राहिली. वास्तुकार पेटर बेरेन्सने १९२० ते १९२४ या काळात बांधलेली तिची विटांची इमारत, मनोरा आणि पूल अजून उभे आहेत. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. जेवून आम्ही रोज त्या बाजूला चालत जायचो. भाऊजी भिंतीपलीकडच्या पाइपरॅककडे बघत उभे राहायचे, बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीच्या रस्त्यावर राहतात तसेच.

शुक्रवारी शेवटच्या दिवशी दुपारपासूनच बरेच स्टॉल आवरायला लागतात, महत्त्वाच्या भेटी गुरुवारपर्यंत संपवा. आम्ही दुपारी बाहेर पडलो. दारापाशी हातोडा मारणाऱ्या माणसाचा सुमारे २१ मीटर उंच काळा पुतळा आहे, त्याचा हात सारखा वर-खाली होत असतो. तिथे सासऱ्यांना व्हिडिओ कॉल केला. पुतळा दाखवला, तर ते म्हणाले, "तो राहू दे, वही दाखव." मी पेन्सिलचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "छोट्या पंख्याचा व्यास किती ठेवायला सांगितला?"