रविवारी येतो म्हटलं होतं

काल भंगारवाल्याचा फोन आला, “साहेब, तुमचं ते टायपायचं मशीन आलंय बघा, मराठी हाय.” मी म्हटलं, रविवारी येतो. आज अकराला कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत पोचलो तर मशीन फोडून झालेलं. “सकाळीच तोडलं वो, वजनावर गेलं.” त्याची काही चूक नाही. येतो म्हणून न येणारे त्याला रोज भेटत असतील.

काल मला काम तरी काय होतं? पाऊस होता, एवढंच.

वहीच्या शेवटच्या पानावर अजून न मिळालेल्या जुन्या टाइपरायटरची यादी आहे. सगळ्यात वर ऑलिव्हेटीचं व्हॅलेंटाइन, 1969 चं. सॉटसास आणि किंग या डिझायनरांनी घडवलेलं, लालभडक, रिबनच्या रिळांवर केशरी टोप्या. मग हर्मिस 3000. मग 1920 साली निघालेलं छोटं रेमिंग्टन पोर्टेबल. त्याचे टाइपांचे दांडे आडवे निजलेले असतात, बाजूच्या कळीनं उठवावे लागतात. सगळ्यात खाली, पेन्सिलीनं, ‘गोदरेज मराठी’.

पेन्सिलीनं, कारण ते काय, कधीही मिळेल! 1955 पासून इथंच बनणारं मशीन. कोर्टाबाहेर, कचेऱ्यांत, टायपिंगच्या क्लासात, बघावं तिथं तेच. 2009 ला बनायचं थांबलं, तेव्हाही मी घाई केली नाही. व्हॅलेंटाइन कुणीतरी जपून ठेवतं, गिऱ्हाईक शोधतं. ह्याला गिऱ्हाईकच नाही, म्हणून ते तराजूत जातं.

काल फोनवर तो ‘लाल इटालियन’ म्हणाला असता तर मी भर पावसात तसाच निघालो असतो. सकाळपासून हेच टोचतंय. हात बसला तो ह्याच मशीनवर. अर्धा प मारायचा, मग काना, तेव्हा कुठं प पुरा व्हायचा. मात्रेच्या कळीला कागद सरकवणारा कॅरेज जागचा हलायचा नाही. सर पाठीमागं उभे राहून नुसत्या आवाजावर चूक धरायचे. सरांकडे जायचंही राहिलंच.

दुपारभर स्वतःचीच कीव करत पडलो होतो, आपल्याच नशिबी हे का म्हणून. नशीब कसलं, रिक्षानं वीस मिनिटांचं अंतर. संध्याकाळी यादीतली ती शेवटची ओळ खोडली आणि सगळ्यात वर लिहिली, पेनानं. मिळेल एखादं. नाहीही मिळणार. फोन आला तर पाय निघतील, एवढं माझ्या हातात आहे.

निघताना त्यानं ढिगात हात घालून एक दांडा काढून दिला होता, पैसे घेतले नाहीत. टोकाला उलटा ळ. जोडीचं अक्षर गंजात गेलेलं. आत्ता रॉकेलमध्ये बुडवून जुन्या ब्रशनं घासला, शिक्क्याच्या पॅडवर टेकवला. वहीत पेनानं ‘रंका’ लिहिलं, पुढं ळ दाबला, काना पेनानंच ओढला. डावीकडं शाई जरा कमी उठलीय.