बाय, कुठवर आलीस?

चार रजा टाकल्या की आठ दिवस मिळत होते. २०२५च्या डिसेंबरातला हा हिशेब मी ऑगस्टमध्येच करून ठेवला होता. २५ तारीख गुरुवारी, २७ला चौथा शनिवार म्हणून बँक बंद, पुढे रविवार. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि मधला शुक्रवार एवढ्या रजा लिहिल्या की २१ ते २८ सलग मोकळं. मॅनेजरसाहेबांनी सही केली तेव्हा म्हणाले, "मॅडम, कोहरे का कुछ भरोसा नहीं." मी हसले. मला वाटलं, रजा द्यायची नसेल की माणूस असंच काहीतरी बोलतो.

मी मूळची कोकणातल्या देवरूखची. बँकेत अधिकारी झाले आणि पहिल्याच मोठ्या बदलीत उत्तर प्रदेशात देवरियाला येऊन पडले. देवरिया ते देवरूख. नावं ऐकून शेजारशेजारचे स्टॉप वाटतात.

बाबा एसटीत वाहक होते, आता निवृत्त. आमच्या लहानपणी सण म्हणजे बाबा घरी नाहीत, हे ठरलेलंच. गणपतीला जादा गाड्या, दिवाळीला जादा गाड्या, शिमग्याला तर विचारूच नका. इतर दिवशीही कुंडी गावची वस्तीची गाडी त्यांच्याकडे असली की रात्री तिकडेच मुक्काम. तेव्हा घरात फोन नव्हता, त्यामुळे 'कुठवर आलात' असं विचारायची सोयच नव्हती. गाडी डेपोत लागली की रोकड भरून, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद देऊन ते घरी यायचे आणि दारातच पिशवी खाली ठेवायचे. त्या पिशवीतली सुटी नाणी वाजली की आम्ही उठायचो. 'कुठवर' विचारायची ती राहिलेली हौस आता ते माझ्यावर भागवून घेतात. मी प्रवासात असले की दर दोन-तीन तासांनी फोन, आणि प्रश्न एकच: "बाय, कुठवर आलीस?"

शनिवारी २० तारखेला दुपारी साडेचारला शाखेतून निघाले. देवरियाहून गोरखपूर पन्नासेक किलोमीटर. बसमध्ये असतानाच मेसेज आला की मुंबईची गाडी चार तास उशिरा सुटेल. बाबांना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "येणारी गाडी धुक्यात अडकली असेल. तेच डबे परत जायचे ना? गेलेली गाडी आल्याशिवाय सुटायची गाडी आणणार कुठून!"

गोरखपूरचा प्लॅटफॉर्म १,३६६ मीटर लांब आहे. हुबळीचा १,५०७ मीटरचा होईपर्यंत जगातला सगळ्यात लांब हाच होता. इथली मंडळी ही गोष्ट अजूनही अभिमानाने सांगतात. माझा डबा अर्थातच दुसऱ्या टोकाला होता. धुकं इतकं, की दिव्याच्या खांबाखाली उभं राहिलं तर पुढचा खांब दिसत नव्हता, नुसता एक पिवळा डाग दिसायचा. माणसं कपाळापर्यंत मफलर गुंडाळून पोत्यांवर बसलेली. कुणीतरी पुठ्ठे जाळले होते, त्याभोवती कोंडाळं. मी बॅग ओढत चालत होते आणि प्लॅटफॉर्म संपत नव्हता. आमच्या संगमेश्वर स्टेशनावर एवढं चालले असते तर बाजारात पोचले असते.

गाडी रात्री अकरा वीसला सुटली. हे धुकं कोकणातलं नव्हे. आपल्याकडे सकाळी दरीत पांढरं साचतं आणि उन्हं वर आली की विरतं. इथे हिमालयाच्या पायथ्यापासूनच्या सपाट मैदानात ओल असते, वारा पडलेला असतो, रात्री जमीन गार पडते आणि जमिनीलगतची हवाच दाटून येते. मग दुपारपर्यंत सूर्य म्हणजे ताकात पडलेला रुपया. अशा वेळी ड्रायव्हरला सिग्नल दिसतच नाही. आता त्याच्याजवळ एक यंत्र असतं, जीपीएसवर चालणारं. पुढचा सिग्नल कोणता आणि किती लांब, ते सांगतं. तरी दाट धुक्यात पंच्याहत्तरच्या वर जायचं नाही. त्याशिवाय जुनी पद्धतही आहे, सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके बांधायचे. चाक त्यावरून गेलं की फट्ट आवाज होतो आणि ड्रायव्हर सावध होतो. पहाटे लखनौच्या अलीकडे तो आवाज आमच्या डब्यात ऐकू आला. समोरच्या बर्थवरचं पोर दचकून रडायला लागलं. त्याच्या आजीने काय सांगावं? "बरात आवत बा." वरात येतेय. पोर गप्प झालं आणि खिडकीला नाक लावून वरात शोधत बसलं.

रविवारचा अख्खा दिवस कानपूर ते झाशी यातच गेला. एकदा गाडीला उशीर झाला की तिला स्वतःची अशी वेळ उरत नाही. वेळेवर धावणारी प्रत्येक गाडी पुढे काढायची आणि हिने बाजूला उभं राहायचं. घरच्या लग्नात उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं.

साइड लोअरला बस्तीचा एक माणूस होता, पस्तिशीचा. मी फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "देवरूखचे काय तुम्ही?" स्वच्छ मराठीत. मी उडालेच. तो संगमेश्वरात दीड वर्ष लादी बसवायच्या कामाला होता, आता भिवंडीत. "आमचे मुकादम सांगायचे, वाईच दम घे, वाईच दम घे." 'वाईच', म्हणजे आमच्याकडचं 'जरासं', हा शब्द मी देवरियात आल्यापासून कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तो कानपूर-झाशीमधल्या ओरईच्या आसपास, बाहेर हाताएवढंही दिसत नसताना, बस्तीच्या माणसाकडून ऐकला. मग त्याने लाह्या-चण्याचा भुंजा काढला, मी तीळगुळाची पापडी काढली. तो संगमेश्वरच्या सोनवी नदीवरच्या पुलाबद्दल विचारत होता, मी त्याला बस्तीच्या बाजाराबद्दल. त्याने एक गोष्ट हिशेबाने सांगितली: वर्षाला दोनदा घरी जातो, प्रत्येक वेळी महिनाभर. "आठ दिवसांसाठी एवढा प्रवास? मॅडम, तुम्ही तर आमच्यापेक्षा गरीब." हसत म्हणाला, पण मला लागलं. तिकडच्या महिनाभरात तो लावणी-कापणी करतो, रजा म्हणून नव्हे, हे मला नंतर सुचलं. तोवर तो झोपला होता.

सोमवारी सकाळी भुसावळला ऊन दिसलं. सगळा डबा खिडकीशी. केळी घेतली, स्वेटर काढले. खरं तर मी पहाटेच ठाण्याला उतरून सकाळची कोकणातली गाडी पकडणार होते. ठाणं आलं ते दुपारी चार वाजता. कोकणची गाडी तोवर गोव्यात शिरली असेल.

मग ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्टँडला जाऊन रात्री आठची देवरूखची एसटी धरली. नाताळचा आठवडा, सगळी मुंबई गोव्याकडे निघालेली. माणगावला तर गाडी इतका वेळ एका जागी उभी होती की समोरच्या वडापाववाल्याचा तेलाचा डबा संपून दुसरा फुटलेला मी पाहिला. मंगळवारी सकाळी सहाला देवरूख. बाबा स्टँडवर उभे होते, अंगात शर्ट, कानटोपीही नाही. मी दोन स्वेटर पिशवीत कोंबून उतरले. त्यांनी आधी कंडक्टरला विचारलं, "माणगावात किती गेले?" मग माझी बॅग घेतली.

घरातल्या चार दिवसांबद्दल काय लिहू? झोपले, खाल्लं. आईने घावणे केले, कुळथाची पिठी केली, रताळी चुलीत भाजली. परसवातल्या आंब्याच्या सात कलमांपैकी तिघांना मोहोर फुटायला लागला होता. बाबा रोज सकाळी खाली उभे राहून मान वर करून बघायचे. थंडी पडली की मोहोर येतो म्हणून त्यांना थंडी हवी. मळभ आलं, धुकं पडलं की मोहोरावर तुडतुड्यांची कीड आणि भुरीचा रोग, म्हणून धुकं नको. "तुमच्याकडची नुसती थंडी पाठव, धुकं तिकडेच ठेव." आई दोन दिवसांआड एकच विषय काढायची: संक्रांतीला मार्लेश्वराचं लग्न, तेव्हा का नाही येत? तेव्हा रजा नाही, आई. "देवाच्या लग्नाला पण रजा लागते का?"

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं नोव्हेंबरचं पान फाडून बाबांनी ठेवलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारलेल्या, वेबिलासारखे रकाने. देवरिया १६.३०. गोरखपूर सु. २३.२०. लखनौ ०८.१०. पुढे कानपूर, झाशी, भोपाळ, भुसावळ, नाशिकरोड, ठाणे. प्रत्येक स्टेशनासमोर वेळ आणि शेवटच्या रकान्यात 'उशीर'. ओरईपाशी नुसतं लिहिलं होतं, 'बोलणे झाले, आवाज बरा.' मी ते वाचलं आणि परत जागेवर ठेवलं. त्यांना काही बोलले नाही.

परतीचं मी विमानाचं काढलं होतं. मुंबईहून गोरखपूरचं थेट विमान असतं, पण त्या आठवड्यातला दर बघून फोन उलटा ठेवला. दिल्लीमार्गे स्वस्त पडत होतं. शनिवारी दुपारी बाराला घर सोडलं, संगमेश्वरहून गाडीने ठाणं, तिथून विमानतळ, रात्र खुर्चीत. रविवारी पहाटे ५.५०चं विमान वेळेवर सुटलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दिल्लीवर पोचून घिरट्या सुरू झाल्या. वर लखलखीत ऊन, खाली कापसाची गादी. तीन फेऱ्यांनंतर वैमानिकाने सांगितलं, जयपूर. शेजारचे काका उसळले, "दिल्लीत तर धुक्यात उतरायचं मशीन आहे!" आहे. धावपट्टीवर पन्नास मीटर दिसत असलं तरी उतरता येतं. पण विमानातही तशी यंत्रणा लागते, वैमानिकांचं तसं प्रशिक्षण लागतं, आणि सुटायला तर सव्वाशे मीटर दिसावं लागतं. त्यामुळे खालची विमानं हलत नाहीत, मग वरच्यांना जागा कुठे?

जयपूरला सव्वाआठला टेकलो. दरवाजे बंद, शिडी नाही. पाणी एकदा आलं, बिस्किटाचे पुडे दोनदा. बाबांचा फोन आला.

"बाय, कुठवर आलीस?"

"जयपूर."

"दिल्लीच्या पुढे की मागे?" मी सांगितलं, बाजूला. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "ड्रायव्हर कधीपासून ड्युटीवर आहे?"

"पायलट हो, बाबा."

"तेच. विचार. त्याचे तास भरले की तो उठणार. आमच्यात पण तसंच."

मी हवाई सुंदरीला विचारायचं धाडस केलं नाही. साडेबाराला घोषणा झाली: वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा संपली आहे, दुसरे वैमानिक येत आहेत. ही मंडळी रात्रीच दुसरं विमान घेऊन मुंबईत आली होती म्हणे. सगळं विमान कावलं. शेजारचे काका तर ग्राहक मंचापर्यंत पोचले. मी एकटीच गप्प होते. रात्रभर घाट उतरवून आलेल्या ड्रायव्हरला परत त्याच गाडीवर पाठवलं तर काय होतं, हे आमच्या घरात जेवताना बोललं जायचं. ज्या माणसाचे तास भरलेत त्याने मला उतरवू नये, एवढीच माझी इच्छा होती. बिस्किटं मात्र अजून द्यायला हरकत नव्हती.

दिल्लीत साडेचारला उतरले तर गोरखपूरचं विमान रद्द. पैसे परत मिळतील किंवा परवाचं विमान मिळेल. आईचा हुकूम आला, रात्रीची बस घ्यायची नाही. एक्स्प्रेसवेवर धुक्यात काय होतं ते तिने टीव्हीवर पाहिलं होतं. रेल्वेचं करंट बुकिंग चालू होतं. गाडी सहा तास उशिरा म्हणून लोकांनी तिकिटं रद्द केलेली, त्यामुळे मला चक्क खालचा बर्थ मिळाला. दुसऱ्याचा उशीर असा कधीतरी कामी येतो. पहाटे दोनला सुटलेली ती गाडी सोमवारी रात्री अकराला गोरखपूरला पोचली. मॅनेजरसाहेबांना पाचव्या रजेचा मेसेज मी बाराबंकीजवळच टाकला होता. उत्तरात त्यांनी फक्त हात जोडलेले पाठवले.

सोमवारची मध्यरात्र उलटून साडेबाराला देवरियाच्या खोलीचं कुलूप उघडलं. फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचले बाबा."

"किती वाजता? कुलूप उघडलंस तेव्हाची वेळ सांग."

सांगितली. पलीकडे पेन खरडल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने त्या पानाचा फोटो पाठवला. जाण्याखाली येण्याचे रकाने भरलेले, 'जयपूर'समोर प्रश्नचिन्ह, आणि तळाला बाबांच्या अक्षरात बेरीज: वाटेत १२२ तास, घरी १०२. त्याच्याखाली आईने दुसऱ्या पेनाने लिहिलं होतं, 'मार्लेश्वराचे लग्न १४ जानेवारी, बुधवार.'