जिन्यातला उजेड, आणि सात पायऱ्या

"दिवा कुठाय रं ह्यात?"

आबा जिन्यात वाकून, कडेनं पेटलेली नळी दोन बोटांत धरून बघत होते. हाताला गरम लागत नाही, वायर दिसत नाही, बल्ब दिसत नाही. मी वर माडीकडं बोट केलं. दिवा तिकडं, कपाटावरच्या डब्यात. जिन्यात उतरतो तो नुसता उजेड.

मे 2021 मधली गोष्ट. लॉकडाऊनमुळं कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं आमचं लेथचं शॉप बंद होतं आणि मला घरात बसून हात खाजत होते. आबा रात्री दोन-तीनदा उठणार, बाथरूम खाली, आणि जिना जुना सागवानी, उभा, अकरा पायऱ्यांचा. ट्यूब लावली की त्यांची झोप उडायची, नाही लावली तर आमची. सरळ उपाय म्हणजे पायऱ्यांना एलईडी पट्टी. स्वस्त पडते, आणि खरं सांगायचं तर उजेडही जास्त देते. पण घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. 2019 च्या पुरात पाणी पाचव्या पायरीवर होतं. त्यानंतर खालचं सगळं वायरिंग काढून बोर्ड डोक्याच्या वर नेलेले. आता त्याच पायऱ्यांवर परत करंट खेळवायचा? आई म्हणाली, "नको." विषय संपला.

मग तालमीच्या माळ्यावरचा रोल आठवला. मंडळानं 2019 च्या गणपतीला धबधब्याच्या देखाव्यासाठी साईड ग्लो फायबर, म्हणजे कडेनं पेटणारी प्लॅस्टिकची नळी, आणली होती, 6 मिलिमीटर जाड, 30 मीटर. ऑगस्टमध्ये पूर आला, देखावा रद्द झाला, वर्गणी पूरग्रस्तांना गेली. रोल तसाच राहिला. "घेऊन जा भावा, उंदरं कुरतडत्यात न्हाईतर," असं म्हणून पोरांनी तो हवाली केला, सोबत देखाव्याचा जुना हॅलोजनचा डबाही.

ही फायबर म्हणजे आत एक्रिलिकची भरीव कांडी आणि तिच्यावर दुसऱ्या प्लॅस्टिकचा पातळ थर. एक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकवतो त्याचं माप, 1.49, वरच्या थराचा 1.40 च्या आसपास. ह्या थोड्याशा फरकावर सगळा खेळ. लहानपणी रंकाळ्यावर चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढायचो ना, तसंच. दगड आडवा मारला तर पाण्यावरून उड्या मारत जातो, उभा मारला तर डुबुक. उजेडाचा किरण थराला आडवा लागला की परत आत फेकला जातो, आणि तसा उड्या मारत नळीबरोबर वळणंही घेतो. कोलाडॉन नावाच्या जिनिव्हाच्या प्राध्यापकानं हे पाण्याच्या धारेत दाखवलं होतं आणि 1842 साली त्यावर लिहिलंही. टाकीतून वाकून पडणाऱ्या धारेत उजेड सोडला तर तो धारेबरोबर वाकला. आपल्याकडं किरणोत्सवात मावळतीचा किरण महाद्वारातून सरळ अंबाबाईच्या पायांपर्यंत येतो, आणि वाटेत एखादी इमारत आडवी आली की अडतो. सूर्याला वळायची सोय नाही.

इंटरनेटच्या फायबरमधून उजेड बाहेर सांडला तर तो तोटा. इथं सांडणं हाच माल. आत बारीक कण घालून किंवा थर मुद्दाम खरबरीत करून गळती ठेवलेली असते. ठिबकच्या नळीसारखं समजा, आणि खोडही तीच. पहिल्या तोंडाला जोर, शेवटाला रडतखडत. समजा मीटरमागं दहावा हिस्सा सांडला, तर सात मीटरवर निम्म्याहून कमी उरतो. एका टोकानं पेटवली तर वरची पायरी झगझगीत आणि खालची, जिथं म्हाताऱ्या माणसाचा पाय खरा चुकतो, तीच मिणमिणती. म्हणून मी 9 मीटरचा वळसा केला. डब्यातून निघून जिन्याच्या डाव्या कडेनं खाली, तळाला वळण, उजव्या कडेनं वर, आणि दुसरं टोक त्याच डब्यात. दोन्ही तोंडांनी उजेड घुसतो, एकीकडचा कमी पडतो तिथं दुसरीकडचा भरून काढतो.

फजिती व्हायची ती झालीच. आधी पक्कडीनं तोडली. तोंड चिरडून पांढरं फटक, आत उजेड जाईना. जन्मभर लेथवर फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करायचं काम, केलेल्या माणसानं असं करावं! मग गुपचूप नवं ब्लेड घेऊन काटकोनात कापली, 400, 800, 1500 चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल फिरवला, शेवटी फडक्यावर पितळ चमकवायचं पॉलिश. तोंडात ट्यूबलाईटचं प्रतिबिंब दिसायला लागलं तेव्हा थांबलो. पुढची फजिती हॅलोजनची. अर्ध्या तासात फायबरचं तोंड तापून मऊ आणि पिवळं. एक्रिलिकला एवढी धग सोसत नाही. ते टोक कापून टाकलं, पुन्हा सगळं घासकाम. हॅलोजन काढून 9 वॅटचा, 12 व्होल्टवर चालणारा एलईडी बसवला आणि दोन्ही टोकं धरायला पितळेचा दोन भोकांचा बुश केला.

तळाचं वळण आईच्या पितळी तांब्याभोवती फिरवून घेतलं. त्याहून आवळलं तर फायबरला बाक बसतो आणि सगळा उजेड तिथंच सांडतो. एवढं करूनही वळणावर ती थोडी जास्तच पेटते. मला ते खटकत होतं. आबांनी मात्र त्याच उजळ वळणावर नजर ठेवून उतरायची सवय लावून घेतली.

आणि जुलैत पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे आमच्या पेठेत पोरांनाही पाठ. दोन्ही मागं पडले. वीज तोडली होती. खालचं सामान वर घेतलं आणि आम्ही चौघं माडीवर. फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडला. पाऊण अँपिअर खातो, रात्रभर चालला तरी बॅटरीला जाणवत नाही.

त्या रात्री जिन्याच्या तोंडाशी बसून जे बघितलं ते असं. दोन उजळ रेघा पायरी-पायरीनं खाली उतरतात आणि गढूळ पाण्यात शिरतात. वीतभर पाण्याखाली पिवळट धूर असल्यासारखं दिसतं, मग काळोख. तळाचं वळण कुठंच दिसत नाही, पण उजेड त्या चिखलातून वळून दुसऱ्या कडेनं वर येतोय. पाण्यात हात घालायची भीती नाही, कारण तिथं करंटच नाही.

आबा झोपलेच नाहीत. दर थोड्या वेळानं वाकून पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजायचे.

"आट हाईत."

मग मध्यरात्री, "सात."

सातच्या खाली आकडा गेला नाही. म्हणजे पाणी चौथ्या पायरीवर थांबलं. दोन रात्री तोच आकडा. तिसऱ्या पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं, "आट झाल्या बग." मी उठून मोजल्या. आठ होत्या.

गाळ काढताना फायबर ओल्या फडक्यानं पुसली. खालच्या एका जागी खराट्याचा ओरखडा गेला, तिथं आता एक ठिपका चमकतो. बाकी शाबूत.

पुढं मंडळाचा फोन आला. देखावा करायचाय, ती फायबर आहे का? उरलेली 20 मीटर दिली, टोकं घासून. हॅलोजनचा डबा मात्र दिला नाही.