तीस सेकंदांत भाजणी

‘आईच्या हातची चव’ असं छापलेलं पाकीट मी शक्यतो उचलत नाही. माझ्या आईला स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा. भाजीत मीठ पडलं तर पडलं, नाहीतर ताटात वाढलेलं आहेच. तिच्या हातची चव दुकानात मिळायला लागली तर आम्ही भावंडं पलीकडच्या फुटपाथनं जाऊ. ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘दर्जेदार’ या मंडळींवरही माझा तसाच राग आहे. ठाण्यातल्या राम मारुती रोडच्या या टोकाकडून त्या टोकाला जा, अस्सल नाही असं काही नजरेलाच पडत नाही.

त्यामुळे परवा दुपारी भाचीनं कागद पुढे केला तेव्हा तिनं चुकीचं माणूस गाठलंय हे मला लगेच कळलं. ती राहते कोपरखैरण्याला, थालीपिठाची भाजणी करून विकते. ठाण्यात एका हॉलमध्ये घरगुती उद्योगांचं प्रदर्शन आहे, तिथे प्रत्येकीला माइकवर अर्धा मिनिट देणार आहेत. “आत्या, तीस सेकंदांत बसव ना हे,” म्हणाली. कागदावर होतं: ‘व्यासपीठावरील मान्यवर आणि रसिक ग्राहकहो, परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम साधणारी, आजीच्या आठवणी जागवणारी...’ भाजणी हा शब्द सहाव्या ओळीत उगवत होता. तोवर तीस सेकंद मान्यवरांनीच खाल्ले असते.

“तू नक्की करतेस काय ते सांग,” मी म्हटलं.

तर म्हणे, “काय करणार? भाजते, दळून आणते, भरते.”

खोदून विचारल्यावर कळलं ते असं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धणे, जिरे, असे नऊ जिन्नस, आणि प्रत्येक वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. तांदूळ फुलेपर्यंत दम धरायचा. उडीद तांबूस झाला की तिथल्या तिथे काढायचा, फोन वाजला म्हणून वळलात तर सगळा घाणा कडवट. धणे-जिरे शेवटी, नुसत्या तापलेल्या कढईत. मग सगळं पूर्ण गार करून गिरणीत. तिथे ही बाई दळण टाकून घरी येत नाही, पट्ट्याजवळ उभी राहते. आधी कुणाचं काय दळलंय ते विचारते, पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायला लावते. गिरणीवाला तिला ओळखून आहे.

“मग हे सांग की!”

“हे काय सांगायचं? सगळेच करतात.”

सगळे करत नाहीत. मी करत नाही. मी नऊच्या नऊ एकत्र भाजते आणि कडवट झालं की त्याला खमंग म्हणते.

एवढ्याशा वेळात आपला धंदा सांगायचा या प्रकाराला हल्ली ‘एलेव्हेटर पिच’ म्हणतात. लिफ्टमध्ये मोठा माणूस भेटला तर मजला येईस्तोवर सांगून मोकळं व्हायचं. आमच्या नौपाड्याच्या लिफ्टमध्ये मोठा माणूस म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, आणि त्यांना बघून लोक जिन्यानं जातात. पण लिफ्टचीच गोष्ट निघाली तर मला तो एलिशा ओटिस फार आवडतो. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात हा माणूस उंच टांगलेल्या फळीवर उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांदेखत वरचा दोर कापायला लावला. फळी जराशी घसरली आणि जागच्या जागी अडकली. लिफ्ट कुणाला नको होती असं नव्हे. दोर तुटला तर काय, ही पोटात भीती होती. त्यानं तेवढंच दाखवलं. तीनच वर्षांत, १८५७ ला, तिथल्या एका पाच मजली दुकानात माणसांसाठी त्याची लिफ्ट बसली. (ओटिसच्या आदल्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्याला आली होती. विषयाशी काही संबंध नाही. ठाणेकर हे वाक्य बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही घालतो.)

आमच्या लहानपणी नौपाड्यात असल्या कलेची मोठी जाणकार दर पंधरवड्याला घरी यायची. बोहारीण. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची भांडी, पाठीला कपड्यांचं गाठोडं. आई उंबऱ्यात जुन्या साड्या, बाबांच्या पँटी घेऊन बसायची आणि आम्ही तिच्या पाठीशी. बोहारणीनं आपल्या भांड्यांची स्तुती केलेली मी कधी ऐकली नाही. ती साडी उचलायची, उजेडासमोर धरायची, विरलेल्या जागेवर बोट ठेवायची आणि काही न बोलता खाली ठेवायची. मग आईची नजर ज्या डब्यावर असेल तो सोडून भलतीच वाटी पुढे करायची. आईनं डब्याकडे बोट दाखवलं की तो उचलून बोटातल्या अंगठीनं त्यावर टण्णकन टिचकी. बस्स. “अजून एक पँट टाका.” आई म्हणायची, नाही. बोहारीण शांतपणे चुंबळ डोक्यावर ठेवायची, टोपली चढवायची आणि जिन्याच्या वळणापर्यंत जायची. तिचं सगळं बोलणं त्या जाण्यात होतं. आई पँट टाकायची. एकदा तर बाबांची चालू वापरातली पँट गेली. त्यावरून घरात जे झालं तो वेगळा लेख आहे.

आता तसली विक्रेती लोकलच्या लेडीज डब्यात भेटते. ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसा, ऐरोली यायच्या आत कानातल्यांचा पुठ्ठा तुमच्या मांडीवर. “बघायला पैसे नाहीत ताई,” एवढं म्हणून ती पुढच्या बाकाकडे सरकलेलीसुद्धा असते. मागे उभं राहून ‘घ्या ना, घ्या ना’ नाही. रबाळे, घणसोली जाईपर्यंत तो पुठ्ठा चार हातांतून फिरतो, एक बाई दुसरीच्या कानाला लावून बघते, तिसरी “तुला झुमके नाही शोभत” असं स्पष्ट सांगते. कोपरखैरण्याला ती परत येते तेव्हा विक्री आम्हीच करून ठेवलेली असते. भाची याच गाडीनं येते-जाते, तिच्या बॅगेत असल्या क्लिपांचा खच आहे, आणि स्वतःच्या मालासाठी मात्र तिला मान्यवर लागतात.

असो. आम्ही दोघींनी बसून मान्यवर उडवले, संगम उडवला, आजीला आराम दिला. परवान्याचा चौदा आकडी नंबर तिला माइकवर वाचून दाखवायचा होता, त्यासाठी बरीच वादावादी झाली. पाकिटावर छापलाय ना, मग पुरे. उरलं ते इतकंच: ‘थालीपिठाची भाजणी. नऊ जिन्नस, नऊ वेळा भाजलेले. कोपरखैरण्याला मी स्वतः भाजते, गिरणीत उभी राहून दळून आणते. डबा उघडा ठेवलाय, वास घ्यायला पैसे नाहीत.’ शेवटचं वाक्य गाडीतून उचललंय, त्याला इलाज नाही.

मग भाव आला. “अर्धा किलोचे एकशे ऐंशी,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता आवाज इतका उतरला की मला ‘ऐंशी’ ऐकूच आलं नाही. वर लगेच, “पण कमी करून देईन हं.” समोर मी होते. मी कमी कर म्हटलेलं नव्हतं. कुणीच म्हटलेलं नव्हतं.

हिशोब मागितला. धान्य होतं, गॅस होता, दळणावळ होती, पाकीट आणि लेबलही होतं. भाजण्यात जाणारा तिचा अख्खा दिवस कुठेच नव्हता.

“तो काय धरायचा? मी घरातच तर असते.”

१५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचं काम सुरू केलं, हे आपण सगळेच सांगतो आणि कौतुक मात्र त्या ८० रुपयांचं करतो. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. पीठ मोजून घरी न्यायचं, लाटलेले पापड मोजून परत द्यायचे आणि लाटण्याची मजुरी किलोवर घ्यायची. घरात बसून लाटले म्हणून ते हात कुणी फुकट धरले नाहीत. आमच्याकडे मात्र शेजारणीला दोन वाट्या भाजणी दिली, तिनं पैसे पुढे केले, की “छे छे, पैसे कसले” म्हणायची पद्धत. आजी म्हणायची, आई म्हणायची, मीही म्हणते. भाचीनं हे कुठून उचललं ते विचारायला नकोच.

दिवस धरून भाव दोनशे चाळीस झाला. कागदावर तिनं तो लिहिला, पण पेन्सिलनं.

प्रदर्शन शनिवारी आहे. तोवर रोज संध्याकाळी मी तिला फोन करते आणि अनोळखी बाईच्या आवाजात विचारते, “अहो, जरा कमी करा ना!” पहिल्यांदा ती म्हणाली, “बरं, तुमच्यासाठी दोनशे.” नंतर म्हणाली, “दोनशे वीस, आणि मेतकूट फुकट.” काल बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “आत्या, तूच म्हण ना गं तेवढा भाव माइकवर.”