हार्टवाल्यांनी धाप लागेपर्यंत चालायचं?

आपल्याकडे ॲटॅक येऊन गेला की घरचे जिना पण चढू देत नाहीत, आणि तिकडे नॉर्वेत ट्रॉन्धाइमला उल्रिक विसलॉफच्या टीमने पंचाहत्तरीच्या आसपासच्या हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची पंप करायची ताकद कमी झालेल्या) पेशंटना चढाच्या ट्रेडमिलवर चांगलं धापा टाकायला लावलं! ४ मिनिटं जोरात, म्हणजे कमाल हार्ट रेटच्या ९० ते ९५ टक्के, मग ३ मिनिटं हळू, असं चारदा, आठवड्यातून ३ वेळा, १२ आठवडे. यालाच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. २००७ च्या त्या रिपोर्टमध्ये ऑक्सिजन वापरायची क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली, एका लयीत चालणाऱ्यांची फक्त १४. पण पेशंट होते एकूण २७, हे व्हॉट्सॲपवर ते ४६ टक्के फिरवणारे सांगत नाहीत. २०१७ मध्ये २६१ जणांवर मोठी ट्रायल झाली, त्यात इंटरव्हल काही सरस ठरलं नाही, बऱ्याच जणांना तेवढा जोर लावायलाच जमलं नव्हतं.

आमच्या काकांचं वेगळंच, घड्याळात पल्स वाढतच नाही म्हणून अजून पळू का विचारत होते. अहो काका, बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे ना, तो पल्स दाबूनच ठेवतो! म्हणून रिहॅबमध्ये, म्हणजे हार्टवाल्यांच्या देखरेखीखालच्या व्यायामात, बोर्ग स्केल पण वापरतात, ६ ते २० मध्ये किती दमलात ते पेशंटने सांगायचं, जोराच्या टप्प्यात साधारण १५ ते १७, म्हणजे एखाददुसरा शब्द निघतो पण गप्पा नाही मारता येत. आणि आधी स्ट्रेस टेस्ट, कार्डिओलॉजिस्टचा होकार. छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांबायचं, राऊंड पुरा करायच्या नादी लागायचं नाही.